उरलेले कोण संपवते?

गेल्या वर्षावासाच्या सांगतेला आमच्या विहारात भोजनदान होते. ऐन वेळी पाऊस आला, माणसे कमी आली आणि दुपारी चारच्या सुमारास दोन मोठी पातेली भात आणि अर्धे पातेले वरण शिल्लक राहिले. याचे काय करायचे यावर बरीच चर्चा झाली. एक तरुण म्हणाला, "स्टेशनबाहेर वाटून येतो." तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारले, "द्यायचंच होतं तर बारा वाजता का नाही दिलंस बाळा? आपली पोटं भरल्यावर आठवण झाली व्हय?" त्यावर कोणी काही बोलले नाही. भात शेवटी टाकावा लागला. सकाळी नऊला शिजवलेला होता, तोवर त्याला वास सुटला होता.

त्या दिवसापासून आरोग्याच्या या पानावर अन्नाच्या नासाडीबद्दल लिहावे असे आमच्या मनात होते. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की "अन्न वाया घालवू नका" हे सांगायला लेखाची गरज नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही अन्न वाया जाते. तेव्हा खरा प्रश्न असा, की माणूस स्वतःच्या घरातली नासाडी कमी करतो ती नेमकी कशामुळे?

आधी आकार समजून घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात दुकाने, हॉटेले आणि घरे मिळून जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांतून गेले. लग्नातल्या पंगती आणि हॉटेलांची ताटे डोळ्यांत भरतात, पण मोठा वाटा आपल्या ओट्याखालच्या डब्याचा आहे. भारतातील घरांसाठी दिलेला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो असा आहे. पाच माणसांच्या घरात हे वर्षाला २७५ किलो, म्हणजे रोज पाऊण किलो होते. यात साली, देठ, हाडे, अंड्याची टरफले हेही धरलेले आहे, त्यामुळे सगळे पाऊण किलो खाण्याजोगे होते असे नव्हे. आणि हा काही ठिकाणच्या मोजणीवरून बांधलेला अंदाज आहे, हेही ध्यानात ठेवावे. मात्र घरातली नासाडी हा फक्त श्रीमंत देशांचा रोग आहे, हा आपला समज या अहवालाने खोडला आहे. श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या माणशी सरासरीत फरक आहे तो फक्त सात किलोंच्या आसपास.

आता कारणाकडे येऊ. आपल्याकडचा नेहमीचा उपदेश असा: "तिकडे मुलं उपाशी आहेत आणि तू ताटात टाकतोस?" हे वाक्य आम्हीही ऐकले आणि आमच्या मुलांना ऐकवले. त्याचा परिणाम फारसा होत नाही. मुलालाही कळते, की त्याने खाल्लेला शेवटचा घास कोणा उपाशी मुलाच्या पोटात जाणार नाही. उलट लाज वाटली की माणूस लपवायला शिकतो. भाजी कागदात गुंडाळून टाकली जाते, एवढाच फरक पडतो.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी घरात खरेदी करणाऱ्या पंधरा जणांशी सविस्तर बोलून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पंधरा ही संख्या छोटी आहे आणि लोक तिकडचे आहेत, पण त्यांनी सांगितलेले ऐकून आपल्याच शेजारणी बोलत आहेत असे वाटते. नासाडी का टाळावीशी वाटते, याची मुख्य उत्तरे दोन निघाली. एक, पैसे फुकट जातात. दोन, टाकणे बरोबर वाटत नाही, मनाला लागते. पृथ्वी, हवामान वगैरे कारणे फार मागे होती. आणि आड काय येते? घरच्यांना पोटभर, चांगलेचुंगले खाऊ घालणारी आपण आहोत, ही भावना. कमी पडले तर नाव जाईल, म्हणून जास्त आणले जाते आणि जास्त शिजवले जाते. म्हणजे अन्न टाकणारे सगळे बेफिकीर असतात असे नाही. पुष्कळ वेळा जास्त काळजीमुळेच अन्न टाकावे लागते.

पैशाचे कारण किती जोरदार आहे, हे ब्रिटनच्याच अनुभवावरून दिसते. तिथे २००७ साली घरातली नासाडी कमी करण्याची मोठी मोहीम सुरू झाली. तिचा भर उपदेशावर नव्हता. तुमच्या घराचे किती पैसे वाचतील आणि उरलेल्याचे काय करता येईल, यावर होता. २०१२ पर्यंत घरगुती नासाडी सुमारे १५ टक्क्यांनी घटली. त्याच काळात मंदी आली होती आणि अन्न महाग झाले होते, त्यामुळे सगळे श्रेय मोहिमेचे नव्हे. पुढच्या काही वर्षांत ही घट थांबली, नासाडी थोडी वाढलीसुद्धा. खिशाला चटका बसतो तोवर माणूस मोजतो, चटका विसरला की मापही विसरतो.

तरी आपल्या समाजात हा विषय एवढ्यावर सुटत नाही. आपल्याकडे उरलेल्या अन्नाला इतिहास आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनी येसकर पाळीत दारोदार फिरून भाकरीचे तुकडे गोळा केले. गावकीचे काम करायचे आणि मोबदला म्हणून दुसऱ्याच्या घरचे शिळे पदरात घ्यायचे, तेही वरून टाकलेले. ते तुकडे वाळवून ठेवायचे आणि पावसाळ्यात भिजवून खायचे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि हे उष्टे-शिळे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले, तेव्हा ते फक्त आहाराबद्दल बोलत नव्हते. शाळेच्या भिंतीवर "अन्न हे पूर्णब्रह्म" लिहिलेले असायचे. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या आपल्या खाद्यसंस्कृतीवरच्या पुस्तकाला "अन्न हे अपूर्णब्रह्म" हे नाव दिले, त्यामागे हाच अनुभव आहे.

म्हणून "शिळे टाकू नका, खा" असे कोणी सांगितले, की आपल्यातल्या पुष्कळांच्या कपाळावर आठी येते, आणि ती योग्यच आहे. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी तुकडे मोजून खाल्ले गेले, त्या घरात भरलेले पातेले हा मानाचा विषय होतो. पाहुणा उठताना पातेल्यात भात दिसलाच पाहिजे. आमच्या विहारातल्या एका ताई म्हणाल्या, "पातेलं खरवडल्याचा आवाज पाहुण्याला ऐकू गेला, की सासूबाई दिवसभर बोलायच्या नाहीत." ससेक्सच्या बाई नाव जाण्याला भितात आणि आपली बाईही भिते, पण आपल्या बाईच्या भीतीत कमीपणाची जुनी आठवण मिसळलेली असते. या आठवणीला धक्का लावून नासाडी कमी होणार नाही. ती होते मापाने. माप आधी केले तर उरतच नाही आणि शिळे खायचा प्रश्नच येत नाही.

आता आरोग्याच्या पानाचा खरा मुद्दा. विहारातल्या भगिनींशी बोलताना आम्ही विचारले, "तुमच्याकडे काय टाकले जाते?" एकीने चटकन सांगितले, "आमच्याकडं काहीच वाया जात नाही. मी खाते ना." बाकीच्या हसल्या, कारण प्रत्येकीच्या घरी तेच होते. सकाळची उरलेली चपाती, रात्रीचा भात, मुलाने अर्धवट सोडलेले ताट, सगळे तिच्या वाट्याला. ती सगळ्यात शेवटी बसते. तोवर भाजी संपलेली असते, अंडे-मटण तर कधीच संपलेले असते. उरतो भात, चपाती आणि वरणाचे पाणी. ते ती पोट भरले असतानाही संपवते, टाकवत नाही म्हणून.

याचे दोन परिणाम दिसतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे रक्तक्षय आहे. दुसरीकडे चाळिशी ओलांडली की वजन, साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होतात. एकाच बाईला दोन्ही असू शकते: भात-पोळी जास्त आणि डाळ, पालेभाजी, अंडे कमी. पोटात गेले म्हणजे वाया गेले नाही, हा हिशेब चुकीचा आहे. शरीराला नको असलेला भात डब्यात गेला काय आणि कमरेवर बसला काय, तो वायाच गेला. वर औषधाचा खर्च.

शिळ्याच्या सुरक्षिततेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. "आमची आजी शिळं खाऊनच ऐंशी वर्षं जगली," असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. आजी जगल्या याचा आनंद आहे, पण त्यांची किती भावंडे लहानपणी हगवणीने गेली, हेही एकदा विचारून बघा. कोरडी भाकरी किंवा चपाती स्वच्छ फडक्यात रात्रभर राहते, सकाळी कुस्करून फोडणी देता येते. ओल्या अन्नाचे तसे नसते, आणि भाताचे तर विशेष. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात तासन् तास उबदार राहिला की त्यांची वाढ होते आणि त्यांतून असे विष तयार होऊ शकते, जे पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. सकाळचा भात रात्री फोडणीला टाकला, खमंग वास आला, म्हणजे तो निर्धोक झाला असे नाही.

शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फ्रीज असेल तर भात पसरट भांड्यात काढून लवकर निववा, झाकून आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून संपवा. मोठे पातेले तसेच आत ढकलले तर मधला भात कितीतरी वेळ कोमटच राहतो. फ्रीज नसेल, किंवा उन्हाळ्यात वीज जात असेल, तर एका वेळेपुरतेच शिजवणे हाच उपाय. बुरशी दिसली तर वरचा भाग काढून खालचा खाऊ नये. विशेषतः बुरशीच्या, खवट झालेल्या शेंगदाण्याच्या बाबतीत कंजुषी नको, त्यातले विष यकृताला घातक असते. पाकिटावर "एक्सपायरी" किंवा "यूज बाय" असेल, तर त्या तारखेनंतर खायचे नाही. "बेस्ट बिफोर" म्हणजे तोवर चव आणि दर्जा उत्तम राहील, एवढाच अर्थ असतो.

आणि फ्रीज म्हणजे बचत, असेही समजू नये. डेव्हिड इव्हान्स या समाजशास्त्रज्ञांनी मँचेस्टरमधल्या घरांत जाऊन पाहिले. लोक उरलेले लगेच टाकत नाहीत, जपून डब्यात ठेवतात. दिवस जातात, डबा मागे सरकतो, मग एक दिवस उघडून नाक मुरडले जाते आणि तो निर्धास्तपणे रिकामा होतो. तोवर मनाची टोचणी संपलेली असते. आमच्या घरांतले फ्रीज आम्ही तपासले. अधिक लिहीत नाही.

माप कसे लावायचे, याची एक फार जुनी गोष्ट आपल्याच वाङ्मयात आहे. संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकत तथागतांपुढे येतो. तथागत त्याला शिव्याशाप देत नाहीत, पापाची भीती घालत नाहीत. भोजनात मात्रा ओळखणाऱ्याला काय लाभ होतो, एवढे एका गाथेत सांगतात. पुढची युक्ती राजाची. जवळ उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला तो ती गाथा पाठ करायला लावतो आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगतो, त्यासाठी दिवसाला शंभर कार्षापण देऊ करतो. हळूहळू राजा द्रोणावरून नाळीभर भातावर येतो. अट्ठकथेतला तपशील तर आणखी कामाचा आहे: शेवटचा घास बाजूला ठेवायचा, त्यातली शिते मोजायची आणि पुढच्या वेळी तेवढा तांदूळ कमी घ्यायचा. भिक्खूंच्या नियमांतही शिते असलेले पात्र धुतलेले पाणी वस्तीत फेकू नये, असे आहे. ते नुसते मनात नव्हे, हातात उतरले पाहिजे म्हणून नियम केलेला.

या गोष्टीत आजच्या संशोधकांना जे सापडले ते सगळे आहे. आठवण योग्य वेळी, म्हणजे ताटापाशी. बदल एका दिवसात नव्हे, थोडा थोडा. आणि जे उरले ते मोजून पुढचा अंदाज. पसेनदीकडे सुदस्सन होता, आपल्याकडे कॅलेंडर आहे. ओट्याजवळच्या कॅलेंडरच्या चौकोनात, काय टाकले तेवढेच लिहायचे: "भात १ वाटी", "मेथी अर्धी जुडी". कोणाला बोल लावायचा नाही. आमच्यातल्या काही घरांनी हे दोन आठवडे केले. बहुतेकांना आधी वाटत होते की आपल्याकडे काही टाकले जात नाही. लिहायला लागल्यावर तेच-तेच पदार्थ पुन्हा दिसू लागले. एका घरात दर सोमवारी भात उरत होता, कारण त्या दिवशी मुलगा क्लासहून बाहेरच खाऊन येतो आणि ते सांगायचे कोणाच्याच लक्षात नव्हते.

पैशाचा हिशेब मग आपोआप होतो. समजा रोज शंभर ग्रॅम तांदळाचा भात टाकला. वर्षाला साडेछत्तीस किलो तांदूळ. पन्नास रुपये किलोने १,८२५ रुपये. सात रुपयांना एक अंडे धरले तर २६० अंडी. रक्तक्षय असलेल्या बाईच्या आणि वाढत्या मुलाच्या ताटात वर्षभरात २६० अंडी किंवा त्या किमतीची डाळ, पालेभाजी येणे, ही गोष्ट आम्हाला हवामानाच्या भाषणापेक्षा जास्त पटते. ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा असावा, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. आपण मात्र वाचवायला जातो ते भाजीत आणि उधळतो ते भातात.

तांदूळ मुठीने घेऊ नये, घरातली एक वाटी ठरवावी आणि जेवणाऱ्यांची संख्या विचारूनच ती भरावी. पाहुणे असतील तर भात थोडा कमीच लावावा आणि पोळीची कणीक मळून तयार ठेवावी. कमी पडले तर पाच मिनिटांत गरम पोळी ताटात येते. यात मानही राहतो. मुलांना पहिल्यांदा कमी वाढावे आणि पुन्हा मागायला मोकळीक द्यावी. आणि जे उरेल ते वाढताना सगळ्यांच्या ताटात थोडे थोडे जावे. उरलेले संपवणे ही आईची नोकरी नव्हे. घरातले पुरुष एक वेळ शेवटी जेवायला बसले, तर माप किती जास्त होते ते त्यांना एका आठवड्यात कळेल, असे आमचे मत आहे.

राहिला देण्याचा प्रश्न, म्हणजे आजींचा. आपल्यापैकी काहींच्या घरी आता कामाला बाई येतात. तीन दिवस फ्रीजमध्ये राहिलेली भाजी त्यांच्या हातावर ठेवून आपण अन्न वाचवले असे मानत असू, तर येसकराच्या टोपलीत पडणारा तुकडा आणि ही भाजी यांत फरक काय? द्यायचे तर ताजे असताना, विचारून, आपण जेवतो त्याच वाटीत द्यावे. घ्यायचे नसेल तर नाही म्हणायचा हक्क त्यांना असावा.

यंदाच्या सांगतेची तयारी सुरू आहे. किती माणसे येणार हे दोन दिवस आधी घरोघरी विचारून घ्यायचे ठरले आहे. भात एकदम न लावता दोन खेपांत लागेल, दुसरी खेप पंगत पाहून. स्टेशनबाहेरच्या लोकांसाठीची ताटे पहिल्या खेपेतून, पंगत बसण्याआधी निघतील. ती जबाबदारी त्याच तरुणाने मागून घेतली. गेल्या वर्षी किती तांदूळ शिजवला होता, हे कोणाला नक्की सांगता आले नाही. कोणी पन्नास किलो म्हणाले, कोणी सत्तर. या वेळी विहाराच्या वहीत त्यासाठी एक पान आखले आहे: किती शिजवला, किती जेवले, किती उरला. लिहायचे काम आजींच्या नातीकडे आहे.